पट्टी वाजेल, पण येणार कोण?

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:
मी नाशिकला राहते, वय ४६, बँकेत नोकरी. वडील ७३ वर्षांचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. बीपीची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा बदलला, पुढच्या महिन्यात डावा. मागच्या वेळी हॉस्पिटलने ‘वायरलेस मॉनिटरिंग’चा बेड दिला होता. छातीवर पट्टी, बोटाला क्लिप; आकडे नर्सिंग स्टेशनवर आणि नातेवाइकांच्या मोबाइलवरही. दिवसाला बाराशे रुपये जादा. न्यू जर्सीतल्या दादाने ती लिंक घेतली आणि तीन रात्री मला झोपू दिलं नाही. “बाबांची पल्स ५२ का? सिस्टरला उठव.” दुसऱ्या रात्री अलार्म वाजतच राहिला. सिस्टर वीस मिनिटांनी आल्या. पट्टी नुसती सुटली होती. बाबा म्हणतात, गुरांच्या कानाला बिल्ला मारतात तसं वाटतं. आई म्हणते, मशीन कशाला, मी बसते ना उशाशी. दादा म्हणतो, मशीन आहे तर कोणी थांबायचं कारणच काय, घरी जाऊन झोपा. हॉस्पिटल या वेळीही तोच बेड घ्या म्हणतंय. नको म्हटलं आणि काही झालं तर? आणि हो म्हणून मी घरी झोपले, तर मुलगी म्हणून कमी पडले का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. दादांचं म्हणणं आहे, आईंचं आहे, हॉस्पिटलचं आहे, तुमची घालमेल तर ओळीओळीत आहे. बाबांना काय हवंय? त्यांचं एकच वाक्य आलंय, तेही तक्रारीचं. त्याकडे मी येणार आहे, पण आधी मी कुठून बोलतेय ते सांगून टाकते.

तेहेतीस वर्षं मी वॉर्डात काढली, शेवटची काही इनचार्ज सिस्टर म्हणून. जनरल वॉर्डात टीपीआर चार्ट असतो: टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. दर सहा तासांनी भरायचा. नाइटला तीस-पस्तीस पेशंट आणि आम्ही दोघी. आता निवृत्त झालेय तर कबूल करायला हरकत नाही: रेस्पिरेशनच्या रकान्यात मी कितीदा तरी न मोजता ‘१८’ लिहिलंय. श्वास मोजायचा म्हणजे पूर्ण एक मिनिट पेशंटच्या छातीकडे बघत उभं राहायचं, आणि ते मिनिट नसायचं. कुठलाही जुना केस पेपर काढून बघा, अख्खा वॉर्ड १८ नाहीतर २० च्या गतीने श्वास घेत असतो. आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा. बीपी पडतं ते नंतर. तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणून छातीवरच्या पट्टीला मी नावं ठेवणार नाही. ती रात्री तीन वाजता कंटाळत नाही आणि सोयीचा १८ लिहीत नाही. दोन फेऱ्यांच्या मधले जे सहा तास आम्हाला दिसायचेच नाहीत, ते तिला दिसतात.

तुमच्या घरात भांडण चाललंय ते ‘मशीन की माणूस’ असं. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. पट्टीचं काम वाजण्यापाशी संपतं. पुढचं सगळं माणसाचं. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की वाजल्यावर कोण येणार आणि किती मिनिटांत. मागच्या वेळी त्याचं उत्तर वीस मिनिटं असं आलं. पट्टी सुटली होती हे नशीब. खरंच काही झालं असतं तर तेच वीस मिनिटांचं उत्तर आलं असतं.

त्या सिस्टरची बाजू घेते असं समजू नका, पण वीस मिनिटं का लागली असतील ते मला ठाऊक आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये पाच आयसीयूंतले सगळे अलार्म महिनाभर नोंदवले गेले. दर बेडमागे दिवसाला सरासरी १८७ वेळा आवाज. ठोक्यांच्या अनियमिततेचे साडेबारा हजारांहून जास्त अलार्म जाणकारांनी एकेक करून तपासले, तर त्यातले सुमारे ८९ टक्के खोटे. इतक्या आवाजात कान निबर होतात. नर्स निष्काळजी नसते, तिला कळलेलं असतं की दहातले नऊ वेळा पट्टीच सुटलेली असते.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती नेमकी तुमच्या बाबांसारख्या पेशंटची आहे. अमेरिकेतच न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ-हिचकॉक रुग्णालयाने डिसेंबर २००७ पासून हाडांच्या ऑपरेशनच्या एका साध्या वॉर्डात प्रत्येक पेशंटला सतत ऑक्सिमीटर, म्हणजे तीच बोटाची क्लिप, लावला आणि इशारा थेट त्या पेशंटच्या नर्सच्या पेजरवर पाठवला. धावाधाव करून पेशंटला सावरावं लागण्याचे प्रसंग दर हजार डिस्चार्जमागे ३.४ वरून १.२ वर आले. आयसीयूत हलवण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. मला यात मोलाचं वाटलं ते वेगळंच: त्यांनी ऑक्सिजनची इशाऱ्याची पातळी ८० ठेवली होती. आपण कोविडमध्ये ९४ खाली गेलं की घाबरायला शिकलो, म्हणून ८० वाचून मी दचकलेच. पण हिशोब साफ होता. क्षणभर ९१ झालं की वाजायचं नाही. वाजलं तर नर्स उठून येणार म्हणजे येणारच. (हा ८० चा आकडा घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ नका हं. पातळी पेशंट बघून तेच ठरवतील.)

तेव्हा बेड घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी एका दुपारी, चार वाजायच्या सुमाराला, वॉर्डात जा. बिलिंगच्या काउंटरवर नको, तिथे फक्त पॅकेज कळतं. इनचार्ज सिस्टरला भेटा. अलार्म नक्की कुठे वाजतो विचारा: स्टेशनवरच्या स्क्रीनवर, की सिस्टरच्या हातातल्या फोनवर? रात्री स्टेशन रिकामं असताना काय? नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट? ती दुसऱ्या पेशंटचं कॅथेटर लावत असेल तर कोण येतं? आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातच मुक्कामी असलेले डॉक्टर, त्याच मजल्यावर झोपतात की खाली? बाबांसाठी अलार्मच्या मर्यादा वेगळ्या लावता येतात का, आणि त्या कोण लावतं? चांगली इनचार्ज या प्रश्नांनी चिडत नाही. मला कोणी विचारलं असतं तर मी चहा पाजला असता. “आमची सिस्टिम पूर्ण ऑटोमॅटिक आहे हो” एवढंच उत्तर मिळालं, तर बाराशे रुपये वाचवा आणि त्यात रात्रीची मावशी ठेवा.

पट्टीचे पैसे आधी लेखी मागा. दर कळणं हा पेशंटचा हक्कच आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. विमा असेल तर हा खर्च क्लेममध्ये बसतो का, तेही आधीच विचारून घ्या.

आता ती ५२ ची पल्स. गोळीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय, इथे छापत नाही. पण ती ज्या प्रकारातली आहे त्या गोळ्या ठोके मंदच ठेवतात. त्यात गाढ झोप. बाबांची झोपेतली ५२ ही बहुधा बाबांची रोजची ५२ होती, फक्त ती याआधी कोणी पाहिलेली नव्हती. सतत मोजायला लागलं की असं होतं. माणूस रात्रभरात जे काही करतो, तोंड उघडं टाकून घोरतो, श्वास अडखळतो, ठोका चुकतो, ते सगळं ‘रिपोर्ट’ होऊन समोर येतं. म्हणून ॲडमिट होण्याआधीच त्यांचं नेहमीचं काय आहे ते माहीत असलं पाहिजे. घोरणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. ते जोरात घोरत असतील आणि मध्ये काही सेकंद श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. ऑपरेशननंतर दुखणं कमी करायला देतात त्यातली काही औषधं श्वास मंद करतात. अशा पेशंटला पहिल्या रात्री पट्टी आणि क्लिप मी मागून घेतली असती.

पट्टी का सुटते, हेही सांगते. छातीवर केस असतील आणि नीट काढले नसतील तर, घाम आला तर, किंवा पेशंट कुशीवर वळला तर. पट्टीचा सिग्नल ब्लूटूथने भिंतीवरच्या किंवा पलंगाजवळच्या डबीकडे जातो, तिथून हॉस्पिटलच्या वायफायने स्टेशनवर. ही लहर पाण्यात शोषली जाते आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे पेशंट पट्टीवर पालथा झोपला तरी आकडे गायब होतात. संडासात गेला, एक्स-रेला नेला, लिफ्टमध्ये शिरला, तरी तेच. बोटाच्या क्लिपचे नखरे आणखी वेगळे: हात गार, नखाला रंग किंवा मेंदी, नाहीतर हात हलतोय. सावळ्या त्वचेवर ती कधी कधी रक्तात आहे त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवते, म्हणून ९५ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय असं असेल तर माणसावर विश्वास ठेवायचा. आणि बीपी? बहुतेक पट्ट्यांना ते मोजता येत नाही. दंडाला पट्टा बांधून सिस्टरनेच घ्यायचं.

आईंकडे येते. त्यांचं ‘मी बसते उशाशी’ हे तुम्हा दोघा भावंडांना जुन्या वळणाचं वाटत असणार. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये एक गुणतक्ता काढला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, तापमान आणि शुद्ध, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर दोन वेगळे. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाली की आणीबाणी. असे तक्ते आता आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांतही असतात. २०१७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि एक गोष्ट नव्याने घातली गेली: पेशंट अचानक गोंधळल्यासारखा वागायला लागला, तर थेट ३ गुण. एवढ्या एकाच कारणावरून डॉक्टरांना बोलवायचं.

म्हातारपणी मोठ्या ऑपरेशननंतर असा गोंधळ होतो, बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. सलाईन उपटतात, ‘शाळेला उशीर झाला’ म्हणून उठायला लागतात. छातीवरच्या पट्टीला यातलं ओ की ठो कळत नाही. नवीन सिस्टरलाही कळेलच असं नाही, तिला वाटतं आजोबा असेच असतील. ‘हे असे नाहीत, हे काहीतरी वेगळं बोलतायत’ हे सांगू शकेल असं माणूस त्या खोलीत एकच, ज्याने पन्नास वर्षं त्यांच्याशी संसार केलाय. आईंना हे असंच सांगा. तुम्ही बसा, पण ते झोपल्यावर छाती हलतेय का बघत बसू नका, ते पट्टी बघेल. तुम्ही त्यांच्याशी बोला. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते जवळ ठेवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा. काही वेगळं वाटलं तर ‘आकडे तर नॉर्मल आहेत’ या उत्तरावर परत फिरू नका.

फक्त रात्रीचं जागरण त्यांना देऊ नका. आणि तुम्हीही तिन्ही रात्री घेऊ नका. ऑपरेशनची रात्र आणि दुसरी रात्र कोणीतरी हवंच: गुडघ्याचा पेशंट रात्री एकटा लघवीला उठला आणि पडला, तर पट्टी फार तर पडल्याचं सांगेल. एक रात्र तुम्ही, एक रात्र पैसे देऊन ठेवलेला मामा किंवा ब्रदर. तिसऱ्या रात्री बाबा वॉकरने नीट चालत असतील, डोकं ठिकाणावर असेल, तर घरी जाऊन झोपा. पट्टीही डॉक्टरांना विचारून त्याच सुमाराला काढता येईल. पाच दिवसांचं पॅकेज आहे म्हणून पाच दिवस लावलीच पाहिजे असं नाही.

यात मुलगी म्हणून कमी पडण्याचा प्रश्न मला कुठे दिसतच नाही. मागच्या वेळी तुम्ही तीन रात्री जागलात, त्यातलं बाबांसाठी किती आणि दादांच्या फोनसाठी किती, हे एकदा मोजून बघा.

दादांवर रागावू नका, त्यांना काम द्या. आपले रात्रीचे दोन म्हणजे तिकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार. माणूस ऑफिसात बसलाय, समोर बापाचे ठोके वरखाली होतायत, आणि हातात करण्यासारखं काही नाही. फोन करणं सोडून दुसरं काय करेल बिचारा? सारखी बदलणारी रेघ बघणं ही शिक्षा आहे, मी आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांना बघितलंय. त्यांना सांगा, लिंक या वेळी घरात कोणाकडेच नसेल, तुमच्याकडेसुद्धा. त्याऐवजी सकाळी आठच्या राउंडला, म्हणजे त्यांच्या रात्री साडेदहाला, व्हिडिओ कॉलवर यायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते आधी लिहून ठेवायचं. इनचार्जला भेटून जी उत्तरं तुम्ही आणाल, त्यांची छाननीही त्यांच्याकडे द्या. आकड्यांची आवड आहे ना, मग नर्समागे किती पेशंट हा आकडा बघू दे.

लिंकचं आणखी एक आहे. ती माहिती बाबांची आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा, की ज्याची माहिती त्याची संमती, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. आपल्याकडे फॉर्मवर सही मात्र मुलगी करते, आणि शुद्धीत असलेला, पेपर वाचणारा, स्वतःची पेन्शन स्वतः काढणारा माणूस शेजारी बसून बघतो. ‘गुरांच्या कानाचा बिल्ला’ ही तक्रार पट्टीच्या गोंदाबद्दल नसावी. त्यांचे आकडे सिस्टरना दिसत होते, तुम्हाला दिसत होते, सातासमुद्रापार दादांना दिसत होते. त्यांना कोणी दाखवले का?

विज्ञानाचे मास्तर आहेत ते. त्यांना सांगा की बोटाच्या क्लिपमध्ये दोन दिवे असतात, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त; ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या फरकावरून टक्केवारी निघते. जपानच्या ताकुओ आओयागींनी ही युक्ती १९७० च्या दशकात शोधली आणि ते गेले ते २०२० च्या एप्रिलमध्ये, जेव्हा त्यांची क्लिप जगभर घराघरांत पोचत होती. बिनतारी ठोक्यांची गोष्ट तर त्याहून मजेदार. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टरने १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयाचा आलेख रेडिओवरून पाठवून दाखवला, त्यासाठी पाठीवर ३० किलोंहून जड यंत्र बांधून सायकल मारावी लागली होती. तेच आता छातीवर चिकटतं. हे ऐकून ते पट्टी लावतील की नाही मला माहीत नाही. नको म्हणाले तर भूलतज्ज्ञांसमोर त्यांना स्वतःला प्रश्न विचारू द्या, आणि त्यानंतरही नको म्हणाले तर नको. मग सिस्टरांना सांगून पहिली रात्र तरी दर तासाला हाताने तपासायची विनंती करा. हो म्हणाले तर स्क्रीन त्यांना दिसेल अशी फिरवून घ्या.

आजच एक वही घ्या. ऑपरेशनला महिना आहे म्हणता, आठवडाभर पुरे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोप लागल्यावर, पल्स, ऑक्सिजन, बीपी. बीपी फक्त सकाळचं, त्यासाठी झोपमोड नको. घरात कोविडच्या वेळची क्लिप असेल तर सेल बदलून तीच वापरा. एक रकाना श्वासाचा आखा आणि तो आईंकडे द्या. बाबांना सांगायचं नाही की मोजतोय, कळलं की माणूस श्वास वेगळा घेतो. घड्याळाचा काटा बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. ॲडमिट होताना ती वही इनचार्जच्या हातात द्या आणि सांगा, आमच्या घरी १८ नाही, खरा आकडा हा आहे.